पटणं आणि पटवणं : शाळेतल्या मुलामुलींच्या बोलण्याविषयी

(शिरूर आणि दौंड इथे आठवी ते बारावीचे विद्यार्थी, पालक आणि शिक्षक यांच्यासमोर झालेल्या दोन व्याख्यानांचं हे एकत्रित शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटची प्रश्नोत्तरं दोन्ही ठिकाणची आहेत.)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा मागच्या बाकांवर खसखस पिकली. शाळेतल्या मुलींशी मैत्रीचं बोलणं सुरू कसं करावं आणि ते टिकवावं कसं, असा विषय. व्याख्यान भूमितीवर असतं तर कोणी हसलं नसतं. मग इथे हसू का आलं? मुलगा मुलीशी बोलायला गेला म्हणजे त्याच्या मनात काहीतरी असणारच, असं आपण सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलंय. मुलांनी ठरवलंय, मुलींनी ठरवलंय, तिथे खुर्च्यांवर बसलेल्या आईवडिलांनी तर फार पूर्वीच ठरवलंय. आज आपण हे ठरवणं जरा तपासून बघू. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि तत्त्वज्ञानात दुसरं काय करतात? सगळ्यांना माहीत आहे असं वाटणारा शब्द उचलायचा आणि विचारायचं, याचा अर्थ नक्की काय?

दोन क्रियापदं आणि एक प्रत्यय

शब्द घेऊ या 'पटणं'. 'आमचं दोघांचं चांगलं पटतं' असं आपण म्हणतो. आता मला सांगा, इथे कोणी कोणाला काय केलं? कोणीच काही केलं नाही. पटणं दोघांच्या मध्ये घडतं. 'तुझं म्हणणं मला पटलं' इथेही तेच. विचार जुळणं आणि माणसं जुळणं, दोन्हींसाठी मराठीनं एकच क्रियापद ठेवलंय, ही मला फार शहाणपणाची गोष्ट वाटते.

आता त्याचंच प्रयोजक क्रियापद करा. हसणे–हसवणे, बसणे–बसवणे, तसं पटणे–पटवणे. वकील न्यायाधीशाला मुद्दा पटवून देतो, त्यात वाईट काही नाही. पण 'मुलगी पटवणं' म्हटलं की काय होतं? एक करणारा होतो आणि दुसरी जिच्यावर ते करायचं ती होते. व्याकरणाच्या तासाला शिकलात तेच, कर्ता आणि कर्म. समोरच्या जित्याजागत्या वर्गमैत्रिणीचं कर्म करून टाकलं की मग युक्त्या लागतात, मित्रांकडून सल्ले लागतात, आणि जमलं नाही की अपमान वाटतो. पटत नसेल तर अपमान वाटायचं कारण नसतं. पटलं नाही, संपलं.

आणखी एक गंमत बघा. 'तिच्याबद्दल बोलणं', 'तिला बोलणं' आणि 'तिच्याशी बोलणं'. तिच्याबद्दल तर मुलं मधल्या सुट्टीत तासभर बोलतात, तिला त्याचा पत्ता नसतो. तिला बोलणं म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा रागावणंच असतं. आणि तिच्याशी बोलणं? हा 'शी' तृतीयेचा प्रत्यय. त्याला दोन माणसं लागतात. तिच्याशी खेळलो, तिच्याशी भांडलो. भांडायलासुद्धा बरोबरीचं माणूस समोर लागतं! मार्टिन बूबर नावाच्या तत्त्वज्ञानं १९२३ साली जर्मन भाषेत एक छोटं पुस्तक लिहिलं. माणूस जगाशी दोन तऱ्हांनी नातं जोडतो, असं तो म्हणतो. एका तऱ्हेत समोरचा आपल्यासाठी 'ते' असतो, म्हणजे वापरायची, मिळवायची वस्तू. दुसऱ्या तऱ्हेत तो 'तू' असतो. बूबरचं सगळं म्हणणं आपल्या या 'शी'मध्ये मावतं.

तर आज मला सांगायची गोष्ट एवढीच आहे. मैत्रीचं बोलणं म्हणजे पटणं, आणि ते शिकता येतं. पटवण्याच्या युक्त्या सोडल्यात की बोलणं सोपं होतं.

भाऊ किंवा भानगड

आपल्या गावांत मुलगा आणि मुलगी यांच्या ओळखीला दोनच खण आहेत. एक भाऊ, नाहीतर दुसरी भानगड. म्हणून काय होतं, एखाद्या मुलाला वर्गातल्या मुलीशी मोकळेपणानं बोलायचं असेल तर त्याला आधी मानलेला भाऊ व्हावं लागतं. रक्षाबंधनाच्या दिवशी काही मुलं शाळाच बुडवतात, ती का, हे शिक्षकांना ठाऊक आहे.

राखी सुंदरच आहे. भावाबहिणीचं नातं सुंदरच आहे. पण रसायनशास्त्राच्या जर्नलमधली आकृती मागायला बहीणभाऊ कशाला व्हावं लागावं? त्यातून मुलगा शिकतो ते असं, की बहीण असेल तर आदर करायचा, नसेल तर गरज नाही. हे शिकणं धोक्याचं आहे.

महाभारतात द्रौपदी स्वतःला कृष्णाची सखी म्हणवते. सखी, म्हणजे मैत्रीण. आणि आपण काय केलं? बोटाला चिंधी बांधल्याची लोककथा रचली आणि कृष्णाला तिचा भाऊ करून टाकलं. कथा गोड आहे, पण व्यासांना जी मैत्री सहज दिसली, ती आपल्याला नात्याचं लेबल लावल्याशिवाय पचली नाही, हेही त्यातून दिसतं.

पाणिनीचं एक सूत्र आहे. सख्य हे सात पदांनी होतं, अशा अर्थाचं. संस्कृतात 'पद' म्हणजे पाऊलही आणि शब्दही. सात पावलं बरोबर चाला, किंवा सात शब्द एकमेकांशी बोला, सख्य जुळलं. लग्नातल्या सप्तपदीचं सातवं पाऊलसुद्धा सख्याचंच असतं. म्हणजे जे नवराबायकोलाही शेवटी साधायचं असतं, ते या मैत्रीत असतं. इतकी मोठी गोष्ट तुम्ही 'सेटिंग' या शब्दात बसवता, म्हणून मी आज जरा रागावून बोलतोय.

किंमत कोण मोजतं

आता एक गंभीर गोष्ट. सगळ्यांनी नीट ऐका, मुलांनी जास्त नीट.

आपल्या दोन्ही तालुक्यांत अनेक गावांना दहावीनंतर गावात शाळा नाही. मुलगी एसटीच्या पासवर शिरूरला येते, दौंडला येते, कोणी केडगावला जाते. घरातून तिला मिळालेली ही परवानगी किती नाजूक असते याची मुलांना कल्पना नसते. समजा, एका मुलानं गंमत म्हणून बाकावर तिचं नाव आणि आपलं नाव कोरलं. मित्रांनी स्टँडवर तिच्यासमोर त्याचं नाव घेऊन हाळी दिली. गावातल्या कोणीतरी ते ऐकलं. संध्याकाळपर्यंत बातमी तिच्या घरी. त्या मुलाचं काय होतं? फार तर दोन थपडा. आणि तिचं? 'पुरे झालं शिक्षण.' अठरा वर्षांआधी मुलीचं लग्न लावायला २००६ चा कायदा मनाई करतो, तरी स्थळं बघायला सुरुवात होते. तिनं काय केलं होतं? काहीच नाही.

बोलण्याची जोखीम दोघांची सारखी नसते. ज्याची जोखीम कमी, त्यानं काळजी जास्त घ्यायची. मैत्रीची ही पहिली अट समजा.

मग कोणी म्हणेल, त्यापेक्षा बोलूच नये. मला हे पटत नाही. बोलणं दुर्मिळ असतं म्हणूनच त्याची बातमी होते. ज्या वर्गात मुलंमुली रोज चारचौघांत बोलतात, तिथे कोण कोणाशी बोललं याची चर्चा कोणी करत नाही. ज्या वर्गात मुलांची रांग वेगळी, मुलींची रांग वेगळी, आणि वर्षभर एक शब्द नाही, तिथे 'पेन दे' म्हटलं तरी गावभर होतं. म्हणून उपाय बोलणं कमी करण्यात नाही, ते नेहमीचं करण्यात आहे.

आणि बोलण्यानं काय उघडतं, त्याचं उदाहरण आपल्या दौंड तालुक्यातच आहे. केडगावचं मुक्ती मिशन तुम्ही रेल्वेतून जाताना ऐकलं असेल. ते पंडिता रमाबाईंनी उभं केलं. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. त्या काळी बाईशी शास्त्राबद्दल बोलणं हाच गुन्हा, लोकांचा विरोध झाला. पुढे आईनं लेकीला शिकवलं. १८७८ साली वीस वर्षांची रमा कलकत्त्याला विद्वानांच्या सभेत उभी राहिली. तिला काय येतं हे त्यांनी विचारलं, तिनं उत्तरं दिली, आणि त्यांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. पुढे १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं आणि नंतर केडगावला दुष्काळातल्या अनाथ मुलींना, विधवांना आसरा दिला. ही सगळी साखळी कुठून सुरू झाली? एका माणसानं एका बाईशी तिच्या बुद्धीला धरून बोलायचं ठरवलं तिथून. तुमच्या वर्गातल्या मुलीला काय येतं, हे तुम्ही कधी विचारलंय का?

सुरुवात

आता कामाचं बोलू. सुरुवात कशी करायची?

पहिलं म्हणजे, निमित्त खरं हवं. आणि शाळेत निमित्तांना तोटा नाही. प्रॅक्टिकलचा गट, गॅदरिंगची नाटुकली, परिपाठातल्या बातम्या, खो-खोची मॅच, उशिरा आलेली एसटी. 'काल प्रयोगात तुमच्या गटाचं रीडिंग किती आलं? आमचं काहीतरी चुकतंय,' हे उत्तम पहिलं वाक्य आहे. यात तिच्या दिसण्याचा उल्लेख नाही, केसांचा नाही, ड्रेसचा नाही. पहिल्या ओळखीत रूपाची स्तुती केलीत की ती सावध होते, आणि तिनं सावध व्हावं हेच बरोबर आहे.

दुसरं, तिला नावानं हाक मारा. टोपणनाव नको, 'ए शुक शुक' तर नकोच. मित्राला जशी हाक मारता तशी.

तिसरं, एकाच मुलीशी बोलायला जाऊ नका. वर्गात वीस मुली असतील तर विसांशी साधं बोलता यायला हवं. जी हुशार आहे तिच्याशी, जी अबोल आहे तिच्याशी. रांजणगावच्या किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत वडिलांना काम मिळालं म्हणून परराज्यातून आलेली मुलगी असेल, तिचं मराठी अडखळत असेल, तिच्याशी बोला. ऊसतोडीच्या हंगामात तीन-चार महिन्यांपुरती वर्गात आलेली असेल, तिच्याशी बोला. या मुलींशी कोणीच बोलत नाही. आणि असं सगळ्यांशी बोलणाऱ्या मुलावर कोणी संशय घेत नाही, हा त्यातला फायदा.

चौथं, जागा उघडी असू द्या. वर्ग, मैदान, वाचनालय. रस्त्यात वाट अडवून, जिन्यात गाठून बोलू नका. तिला निघून जायचं असेल तर सहज निघता आलं पाहिजे. आणि तुम्ही तिघं-चौघं मिळून एकटीशी बोलायला जाऊ नका. तुम्हाला ती हिंमत वाटते, तिला तो घेराव वाटतो.

पाचवं, थोडक्यात आटपा. दोन मिनिटं बोलून 'बरं, चल' म्हणून आपण आधी निघावं. पहिल्या दिवशी सातही पदं संपवायची नसतात.

टिकवणं

सुरुवात एक वेळ जमते, टिकवणं अवघड. अ‍ॅरिस्टॉटलनं मैत्रीचे तीन प्रकार सांगितले. उपयोगासाठी केलेली, मजेसाठी केलेली, आणि समोरच्याचं भलं व्हावं म्हणून केलेली. तरुणांची मैत्री बहुधा मजेची असते, लवकर जुळते आणि लवकर विरते, हेही त्यानं लिहून ठेवलंय. तो एका जुन्या म्हणीची आठवण देतो. बरोबर बसून पुरेसं मीठ खाल्ल्याशिवाय माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. आपल्यालाही मिठाचं महत्त्व ठाऊक आहे. तुमच्यासाठी त्याचा अर्थ, डबा एकत्र खा. मुलांचा आणि मुलींचा मिळून, मोठा गोल करून. ठेचा कोणाचा झणझणीत यावर जितकं बोलता येतं तितकं कशावरच येत नाही.

टिकवण्याचं खरं गुपित म्हणजे लक्षात ठेवणं. ती परवा म्हणाली होती, आजी दवाखान्यात आहे. आज विचारा, 'आजी घरी आली का?' एवढंच. पण ते विचारायला परवा तुम्ही ऐकलेलं असावं लागतं. बहुतेक मुलं मुलीसमोर आपण काय बोलायचं याचीच जुळवाजुळव करत असतात, त्यामुळे ती काय म्हणाली हे कानावर पडतच नाही. आपला सिक्सर, आपली गाडी, आपली ओळख, हे जरा बाजूला ठेवा. तिचं मत वेगळं असेल तर 'मला नाही पटत' म्हणा, कारण सांगा, आणि तिचं कारण ऐका. होयबा झालात तर तीही पटवण्याचीच युक्ती.

आणि ती जे विश्वासानं सांगेल ते तुमच्यापाशीच राहू द्या. मित्रांत बढाई मारायला ते वापरलंत तर मैत्री तिथे संपते, मग ती उद्या तुमच्याशी हसून बोलली तरी.

मोबाईलबद्दल एक-दोन गोष्टी. नंबर मागायची घाई करू नका. अनेक घरांत फोन वडिलांचा किंवा भावाचा असतो, तुमचा 'हाय' तेच वाचतात. अभ्यासाचं असेल तर वर्गाच्या गटात विचारा. रात्री उशिरा मेसेज नको. तिचा फोटो तिला न विचारता काढू नका, स्टेटसला ठेवू नका, पुढे पाठवू नका.

थांबणं

'नाही' हा शब्द प्रत्येक वेळी उच्चारला जात नाही. ती एका शब्दात उत्तर देते, मैत्रिणीच्या मागे सरकते, वही बंद करते, तुम्ही आलात की उठते. हे सगळं 'नाही'च आहे. दोनदा असं झालं की थांबायचं. कारण विचारायचं नाही. तिच्या मैत्रिणीला मध्ये घालायचं नाही. सिनेमात नायक महिनोन्महिने मागे फिरतो आणि शेवटी ती हसते. प्रत्यक्षात, मुलीनं नको असल्याचं स्पष्ट दाखवल्यावरही पुन्हा पुन्हा तिच्या मागे जाणं, संपर्क साधत राहणं, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. मुलींनो, असं कोणी करत असेल तर घरी सांगा, बाईंना सांगा, १०९८ या मोफत क्रमांकावर फोन करा. तुमची चूक नसते.

तिनं थांबवल्यावर दुसऱ्या दिवशी वर्गात तुम्ही तिच्याशी कसे वागता, त्यावरून तुम्हाला मैत्री हवी होती की आणखी काही, हे कळतं. राग धरू नका, टोमणे नकोत. समोर आली तर नेहमीसारखं वागा.

चिठ्ठ्यांवर आलेले प्रश्न

*'मुलीशी बोलायला गेलं की माझ्या घशाला कोरड पडते. वाक्य पाठ करून जाऊ का?'*

नको. पाठ केलेलं वाक्य संपलं की पुढे काय? आधी छोटं बोला. 'गृहपाठ कितवा प्रश्न?' एवढंच, आठवडाभर, वेगवेगळ्या मुलींशी. पोहायला शिकताना कोणी पहिल्याच दिवशी घोड नदी पार करत नाही. अडखळलात तर अडखळलात, सांगून टाका की मला बोलायला जरा वेळ लागतो. खरं बोलणारा माणूस कोणालाही आवडतो.

*'आम्ही मुली एखाद्याशी बोललो की दुसऱ्या दिवसापासून वर्ग त्याच्या नावानं चिडवतो. मग बोलणंच बंद होतं.'*

हा प्रश्न लिहिणारीचं मला कौतुक वाटतं. ही मैत्री त्या दोघांनी नाही मोडली, तिसऱ्यानं मोडली. म्हणून माझी खरी विनंती त्या तिसऱ्याला आहे. चिडवू नका. आणि ज्या मुलाचं नाव जोडलं जातंय त्यानं गालातल्या गालात हसायचं नाही. त्याला ते सुखाचं वाटतं, हीच अडचण आहे. त्यानं तिथल्या तिथे मित्रांना म्हणायचं, 'गप्प बसा, ती माझ्याबरोबर प्रकल्प करतेय.' हे बोलायची जबाबदारी मुलाची, कारण किंमत ती मोजणार आहे.

*'मैत्री करता करता ती आवडायला लागली तर?'*

या वयात आवडणारच, त्यात पाप काही नाही. पण आवडणं ही तुमच्या मनातली घटना आहे, तिच्यावर त्याचं कर्ज चढत नाही. मी इतके दिवस तुझ्याशी चांगलं वागलो, आता तू हो म्हण, असा हिशेब मांडलात तर मागची सगळी मैत्री खोटी ठरते. थोडे दिवस थांबा, अभ्यास करा, खेळा. विश्वासातल्या मोठ्या माणसाशी बोला. बरंचसं आवडणं दिवाळीच्या सुट्टीत विरतं. मैत्री असेल तर ती सुट्टीनंतरही असते.

*(एका पालकांचा प्रश्न) 'तुम्ही पोरांना मोकळं सोडा म्हणता. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?'*

दादा, तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. आजूबाजूला जे घडतं ते मीही वाचतो. पण मोकळं सोडा असं मी म्हटलं नाही. चारचौघांत, उजेडात बोलू द्या, असं म्हटलं. ज्या मुलीला चांगल्या मुलाशी चार शब्द बोलायची सवय आहे, तिला वाईट हेतूनं बोलणारा लवकर ओळखू येतो. जिला कधी कोणाशी बोलूच दिलं नाही, तिला पहिल्या गोड बोलणाऱ्याचं खरं वाटतं. आणि एक हात जोडून सांगतो. लेक वर्गातल्या मुलाशी बोलताना दिसली तर घरी आल्यावर तिला आधी विचारा, ऐका. तिनं तुम्हाला येऊन सांगावं असं वाटत असेल, तर सांगितल्याची शिक्षा म्हणून शाळा बंद होणार नाही, याची तिला खात्री हवी. ती खात्री तुम्ही आज रात्री जेवताना देऊ शकता.

शिक्षकांनाही एक सुचवतो. प्रॅक्टिकलचे आणि प्रकल्पांचे गट मिसळून करा, आणि दर महिन्याला बदला. बोलायचं निमित्त शाळेनंच दिलं की मुलांना ते शोधत बसावं लागत नाही, आणि मुलीला घरी उत्तर द्यायला सोपं जातं.

वेळ संपली. उद्या परिपाठ झाला की ज्या वर्गमैत्रिणीशी, मुलींनो तुम्ही ज्या वर्गमित्राशी, वर्षभरात एक शब्द बोलला नाहीत, त्या कोणाला तरी अभ्यासातली एक खरी अडचण विचारून बघा. उत्तर शांतपणे ऐका, धन्यवाद म्हणा आणि आपल्या जागेवर जाऊन बसा.